बरोसातली संकष्टी

ये, अशी जवळ सरक बघू. तू तिकडे आणि मी इकडे असले म्हणून काय झालं, वाचतानासुद्धा माणसाला जवळ बसता येतं. आणि आधी ते तोंड सरळ कर. फोनवर तीनदा विचारलंस, "ताई, परत येणार आहेस की नाही ते एका शब्दात सांग," आणि मी तीनदा इथल्या थंडीचं बोलत राहिले, म्हणून रुसलीस. चौथ्यांदा फोनच उचलला नाहीस. साठी उलटली तरी तुझी ही खोड जात नाही. मनासारखं उत्तर मिळालं नाही की पाठ करून बसायचं. अगं, काही गोष्टी एका शब्दात मावत नाहीत, त्यांना अख्खा दिवस लागतो. तो दिवसच तुला सांगते. मग रुसायचं तर खुशाल रूस.

तुला ठाऊकच आहे सगळं, पण मला पहिल्यापासून सुरुवात केल्याशिवाय सांगता येत नाही. मेलबर्नला, ग्लेन वेव्हर्लीत लेकाकडे येऊन मला दोन वर्षं होत आली होती. व्हिसा संपत आला होता. लेकाचं म्हणणं, "आई, आता कायमचीच राहा, अर्ज करून टाकू." तुझं म्हणणं, "आपलं ठरलंय." आणि ठरलं होतंच की. पुण्यात एकाच मजल्यावर समोरासमोरचे दोन फ्लॅट आपण उगीच घेतले का? म्हातारपणी एकीनं चहा टाकायचा आणि दुसरीनं बेल न वाजवता आत यायचं, म्हणून घेतले. लेकानं कागद छापून, फाईलमध्ये घालून, माझ्या उशाशी आणून ठेवले होते. माझी तेवढी सही राहिली होती. "रविवारपर्यंत सांग, सोमवारी भरायचेत," एवढंच म्हणाला. जबरदस्ती नाही केली. केली असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

त्याच आठवड्यात त्याचं ऑफिसचं काम निघालं अॅडलेडला. त्यांचं ते कसलंसं कॉम्प्युटरचं काम, बाकीचे लोक सुट्टीवर असताना करायचं असतं, म्हणून शनिवारी. मला म्हणाला, "चल माझ्याबरोबर. तुला त्यांच्याकडे सोडतो." त्यांच्याकडे म्हणजे त्या जर्मन जोडप्याकडे गं. हा पहिल्यांदा शिकायला आला तेव्हा ज्यांच्या घरात मागच्या खोलीत भाड्यानं राहायचा ते. त्यानं पहिली खिचडी करपवली ती त्यांच्याच पातेल्यात. आता दोघं अॅडलेड सोडून बरोसाच्या खोऱ्यात, बाईंच्या आईवडिलांच्या जुन्या घरी राहायला गेलेत. त्या खोऱ्यात द्राक्षांचे मळेच मळे आणि जर्मन लोकांची जुनी वस्ती. बाईंच्या यजमानांना मी आजोबाच म्हणते, त्यांच्या घराण्याच्या तिथे पाच-सहा पिढ्या झाल्या. बाई मात्र पाच वर्षांच्या असताना बोटीनं आल्या, मोठ्या लढाईनंतर. त्यामुळे त्या आजोबांना चिडवतात, "ह्यांचं जर्मन म्हणजे बरणीच्या तळाशी उरलेलं लोणचं. जुनं, आंबट, आणि आता कुणी खात नाही."

शनिवारी सकाळी लेकानं मला त्यांच्या फाटकात सोडलं आणि "उद्या सकाळी येतो न्यायला" म्हणून गेला. धुकं असं होतं म्हणून सांगू! घर दिसेना, नुसता दिवा दिसत होता, पिवळा, ओल्या कापसात ठेवल्यासारखा. त्या दिव्यातून दोन उंच माणसं चालत आली आणि एकदम म्हणाली, "आई! वेलकम, आई!" लेक फोनवर माझ्याशी बोलायचा ते ऐकून त्यांना वाटलं होतं, आई हेच माझं नाव. बाई अठ्ठ्याहत्तरच्या, माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठ्या, आणि मला आई म्हणतायत! मी कशाला सुधारू? आता कुठे नवी लेकरं व्हायची आहेत मला!

आत गेले तर टेबल भरलेलं. ताजे गोल पाव, चार तऱ्हेचे जॅम, चीज, आणि मधोमध वर साखरलोण्याचा चुरा घातलेला मोठा केक. बाई म्हणाल्या, "अंडं नाही घातलं हं. तुमच्या मुलानं सांगितलं होतं." आणि मला तिथेच घाम फुटला. कारण त्या दिवशी संकष्टी होती. लेकानं सगळं सांगितलं, हेच नेमकं विसरला. तू दर वर्षी पुण्याहून पाठवतेस ना कॅलेंडर, त्याचं महिन्याचं पान मी फाडून पर्समध्ये ठेवते. त्यावर लाल वर्तुळ केलेलं होतं. चंद्रोदय नऊ वाजून छप्पन्न.

मी माझ्या इंग्रजीत सांगितलं, "आज फास्ट. मून येईपर्यंत."

दोघं माझ्याकडे बघत राहिली. मग आजोबा खिडकीकडे बघून म्हणाले, "मग कुणीतरी चंद्राला फोन करून लवकर बोलवा."

"तुम्ही गप्प बसा," बाई म्हणाल्या. "आई, काहीच चालत नाही?"

मी बोटांवर मोजलं. फळं चालतात, दूध, दही, शेंगदाणे चालतात. बटाटा चालतो.

"बटाटा?" दोघं एकदम म्हणाली.

"बटाटा."

आजोबांनी खुर्ची पुढे ओढली. "हा उपवास मला पसंत आहे. आम्ही जर्मन लोक जन्मभर हाच करत आलोय."

आणि मग काय विचारतेस! उकडलेले नवे बटाटे, इवले इवले, सालासकट, वर लोणी. शिवाय एका वाडग्यात पांढरंशुभ्र काहीतरी आलं, क्वार्क म्हणतात त्याला. मी चमच्यानं चाखलं तर आपला चक्का गं! अगदी आपण पंच्यात टांगतो तसा. त्यात किसलेलं सफरचंद आणि मध. मी तीन वाडगे खाल्ले. तू म्हणशील, एकादशी अन् दुप्पट खाशी. म्हण. माझ्या मनातही तेच आलं होतं. केककडे मात्र मी बघितलं नाही. बाईंनी त्यावर जाळीचं झाकण घातलं. त्यांच्याकडे एकदा नको म्हटलं की नको. आपल्यासारखं "अहो, एवढासा तुकडा, माझी शपथ" असलं काही नाही. आपण नको म्हटलं आणि समोरच्यानं ते खरं मानलं, की मेलं पोरकंच वाटतं क्षणभर.

मग निघालो गावं बघायला. आजोबा गाडी चालवत होते, म्हणजे गाडी आपल्या मनानं चालत होती आणि आजोबा तिच्याबरोबर होते. इतकं हळू. धुकं जमिनीवरून उठत उठत द्राक्षांच्या वेलींच्या कमरेपर्यंत आलं होतं. एप्रिल संपत आलेला, म्हणजे इथला पानगळीचा काळ. पानं पिवळी, नारिंगी, काही ठिकाणी कुंकवासारखी लाल. रांगाच रांगा. एका रांगेच्या टोकाला तीन कांगारू उभे होते, हात पुढे जोडून, कुणी बोलावल्याशिवाय आत यायचं नाही म्हटल्यासारखे. मध्येच दगडी चर्चचा सुळका धुक्यातून वर यायचा, आणि आपण वळलो की तो चालत दुसरीकडे गेलेला असायचा. मागच्या सीटवर ऊन यायला लागलं, आणि मला झोप लागली की जागी होते, सांगता येणार नाही. बाई पुढे बसून हळू आवाजात सांगत होत्या, हे अमक्यांचं घर, इथे पूर्वी शाळा होती, ह्या दुकानात आजोबांचा लग्नाचा सूट शिवला. मला ऐकू येत होतं आणि मी मनात आपल्या गल्लीतून चालत होते, डाव्या हाताला कापडाचं दुकान, पुढे पिठाची गिरणी. दोन्ही गावं एकात एक मिसळली होती आणि कुणाची कुणाला अडचण होत नव्हती.

एका दुकानापाशी आजोबा थांबले. आत छताला हातभर लांबीचे सॉसेज टांगलेले. मी बाहेरच बाकावर बसले. ते पुडकं घेऊन आले आणि मला म्हणाले, "आई, हे तुमच्या उपवासाला चालत नसेल ना?" बाईंनी त्यांच्या पाठीत असा गुद्दा घातला! पन्नास वर्षांच्या संसाराचा गुद्दा होता तो, आवाज न करता बसणारा.

त्यानंतर आम्ही जिथे गेलो ती जागा कुठल्या टूरवाल्यानं दाखवली नसती. बाईंच्या आईवडिलांची कबर. दर शनिवारी जातात. गाडीच्या डिकीत त्यासाठी एक छोटी झारी, खुरपं, हातमोजे, सगळं तयार. कबरीवर इवलीशी बागच केलेली, तिचं तण काढायचं, वाळलेली फुलं खुडायची, पाणी घालायचं. मी आपली कौतुकानं बघत होते. आपण माणसाला नदीत सोडतो आणि रिकाम्या हातांनी घरी येतो. ह्यांना दर शनिवारी काम आहे. मी म्हटलं, "द्या झारी, मी घालते पाणी." नळाचं पाणी गार होतं, हात बधिर झाले. वरून गुलाबी पोपटांसारख्या पाखरांचा थवा कलकलाट करत गेला आणि मग इतकं शांत झालं, की झारीतून पडणारं पाणी मातीत जिरतानाचा आवाज येत होता.

बाई गुडघ्यांवर बसून तण उपटत होत्या. न बघताच म्हणाल्या, "मुलगा सांगत होता, तुम्हाला ठरवायचंय. राहायचं की जायचं."

मी म्हटलं, "हो. उद्यापर्यंत."

"मग?"

"तिकडे बहीण आहे," मी म्हटलं. "इकडे हे सगळे आहेत. मला दोन्हीकडे पाय ठेवून उभं राहता येईना झालंय."

त्यांनी सल्ला दिला नाही. आईची गोष्ट सांगितली. जर्मनीत म्हणे मे महिन्याच्या मध्यावर बर्फाच्या संतांचे दिवस येतात. ते उलटेपर्यंत कोवळं रोप बाहेर लावायचं नाही, शेवटच्या थंडीनं जळून जातं. त्यांच्या आजीनं कधी लावलं नाही, पणजीनं लावलं नाही. आई इथे आली आणि पहिल्याच वर्षी तिनं टोमॅटोची रोपं खिडकीत वाढवली, मे महिन्यातले ते दिवस निष्ठेनं जाऊ दिले आणि मग बाहेर लावली. इथे मे म्हणजे थंडीचं तोंड! आठवड्यात रोपं काळी पडली.

"कुणी सांगितलं नाही त्यांना?"

"सगळ्यांनी सांगितलं. शेजारीण कुंपणावरून ओरडून सांगायची. बाबा सांगायचे. आईला काय कळत नव्हतं? शेतकऱ्याची मुलगी ती. पण दुसऱ्या वर्षीही तिनं तसंच केलं. तिसऱ्या वर्षीही."

"आणि मग?"

"चौथ्या वर्षी ऑगस्टमध्ये वॉटलच्या झाडाला पिवळी फुलं आली. इथे ती थंडी सरल्याची खूण. आईनं ती बघितली आणि टोमॅटोच्या बिया काढल्या. कुणाला काही बोलली नाही. नाताळात टेबलावर टोमॅटो आले. बाबांनी एक फोड तोंडात टाकली आणि मीठ मागितलं. बस, एवढंच. पण त्याच उन्हाळ्यात आईनं बोटीवरून आणलेली मोठी लाकडी पेटी, जी परत जायचं म्हणून पुसून ठेवायची ना, ती अंगणात नेली आणि तिचं कोंबड्यांचं खुराडं केलं."

मी विचारलं, "मग आठवण यायची थांबली?"

बाई हसल्या. "छे! मरेपर्यंत रडायची. रोज संध्याकाळी, दाराच्या पायरीवर. पाच मिनिटं. मग उठून कोंबड्या कोंडायची."

घरी आलो तेव्हा दुपार कलली होती. साडेतीनला त्यांची कॉफीची वेळ, ती काही झालं तरी चुकायची नाही. केकवरचं झाकण निघालं. आजोबांनी माझ्या वाटणीचाही तुकडा खाल्ला आणि मला म्हणाले, "तुमच्या वतीनं. देवाला सांगा." मी काळी कॉफी घेतली आणि अंगणात खुर्चीत डोळे मिटून बसले. ऊन मधासारखं होतं. कुठेतरी कबुतर घुमत होतं. तो पाच मिनिटांचा हिशेब डोक्यातून जाईना. मला तर दोन वर्षांत पाच मिनिटं असं रडू आलं नव्हतं. मी इथे रडायलासुद्धा बसले नव्हते. बॅग उघडी ठेवून स्टेशनवर बसल्यासारखी बसले होते.

संध्याकाळी बाई म्हणाल्या, "चंद्र उगवल्यावर जेवायचं ना? मग तेव्हासाठी आपण काहीतरी गरम करू." त्यांच्या आईच्या गावाकडचा प्रकार. बटाटा उकडून, किसून, त्यात कणीक मळायची, त्या गोळ्याच्या वाटीत एक आलूबुखार ठेवायचा, बी काढून तिथे साखरेचा खडा घालायचा, आणि गोळा बंद करून उकळत्या पाण्यात सोडायचा. मी बघतच राहिले. म्हटलं, अहो बाई, हे मोदकाच्याच गोत्रातलं आहे! मी हात धुऊन बसले. गोळा हातात घेतला आणि बोटं आपोआप पाऱ्या काढायला लागली. अकरा पाऱ्या, वर टोक. बाईंनी तोवर तळहातावर थापटून चार गोळे केले होते. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सुंदर आहे. पण आई, तो आत गेला ना? बंद झाला ना? मग?"

"तसा नाही शोभत," मी म्हटलं.

"पाण्यात कोण बघणार आहे त्याला?"

तरी मी माझ्या सगळ्या गोळ्यांना पाऱ्या काढल्या. बटाट्याच्या पिठाला नीट राहत नाहीत, पसरतात, पण काढल्या.

मग दुर्वा हव्यात म्हणून मी टॉर्च घेऊन आजोबांच्या लॉनवर शोधायला गेले. कडेला सापडली की हरळी! तीच आपली, तीन पात्यांची. इथे तिला कूच म्हणतात. मी खुडायला लागले तर आजोबा धावत आले. "काय करताय?" म्हटलं, गणपतीला लागते. ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "तीस वर्षं झाली मी हे भिकार गवत उपटतोय, आणि तुमच्या देवाला हेच आवडतं? त्याला सांगा, सगळं घेऊन जा. नो वरीज."

त्याच वेळी चर्चच्या घंटा सुरू झाल्या. शनिवारी सांजवेळी वाजवतात तिथे, उद्या रविवार म्हणून सांगायला. आधी एक, मग लांबच्या गावातली दुसरी, मग आणखी लांबची. बाईही बाहेर आल्या आणि आम्ही तिघं तसेच लॉनवर उभे राहिलो. उद्या रविवार. मला आठवण करून द्यायला एवढी चर्चं लागली.

दिवे लागले, गारठा पडला. गोळे ताटात तयार, पाणी मंद उकळत ठेवलेलं. भूक अशी लागली होती की आता बटाट्याचं नाव नको. मी घड्याळ बघितलं, पावणेआठ. म्हणजे अजून दोन तास. मी स्वयंपाकघरात जपमाळ घेऊन बसले. तेवढ्यात व्हरांड्यातून आजोबांनी हाक मारली, "आई! तुमचा पाहुणा आला."

मला वाटलं लेक आला. बाहेर गेले तर समोर टेकडीवर चंद्र. थोडा कापलेला, मोठा, तांबूस, द्राक्षांच्या मळ्यांवर टेकवून ठेवल्यासारखा.

मी म्हटलं, "नाही नाही. वेळ झाली नाही अजून. नऊ छप्पन्न आहे."

"त्याला कुणी कळवलं नाही वाटतं," आजोबा म्हणाले.

मी पर्समधून पान काढून दाखवलं. ते शाळामास्तर होते पूर्वी. चष्मा लावला, बोट ठेवलं. "हे कुठलं?"

"पुण्याचं."

"मग बरोबर आहे. हा पुण्याचा चंद्र. पुण्यात नऊ छप्पन्न होतील तेव्हा इथे दोन वाजायला आलेले असतील." मग चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "तुम्ही मेलबर्नला काय करता? दोन वाजेपर्यंत जागता?"

"नाही," मी म्हटलं. "तिथल्या घड्याळात नऊ छप्पन्न झाले की..."

आणि मी बोलायची थांबले. तू हसशील. हस. दोन वर्षं मी संकष्टी धरत होते. पानावर नऊ बारा असेल तर नऊ बारा, दहा वीस असेल तर दहा वीस, मेलबर्नच्या भिंतीवरच्या घड्याळात तेवढे वाजले की ताट वाढून घ्यायची. लेकाचं अंगण पश्चिमेला, पुढे गराज, चंद्र काही दिसायचा नाही, म्हणून खिडकीला नमस्कार करायची. म्हणजे ना मी तुझ्या चंद्राला जेवले, ना इथल्या. छापलेल्या आकड्याला जेवले! आणि नात, सात वर्षांची पोर, वरच्या खिडकीतून बघून धावत खाली यायची, "आजी, इट्स ऑलरेडी अप! आय सॉ इट!" मी म्हणायची, गप गं, वेळ नाही झाली. माझ्याबरोबर जेवायचं म्हणून जागायची बिचारी आणि सोफ्यावर झोपून जायची. किती वेळा मी तिला तशीच उचलून नेऊन निजवली. चंद्र वर आलेला असायचा, पोर सांगत असायची, आणि मी घड्याळाकडे बघत बसलेली असायची.

मला पायरीवर बसावंच लागलं. बाई शेजारी येऊन बसल्या. चंद्र वर येत येत पांढरा होत गेला आणि वेलींच्या रांगांना सावल्या फुटल्या. मग मी नीट बघितलं तर काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. तो आपला ससा गं! पाय वर, कान खाली. उलटा!

मी बाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे ससा नाही, म्हातारा आहे, पाठीवर मोळी घेतलेला. मी लहानपणी इथे शोधायची, सापडायचा नाही. आई म्हणायची, अगं तो डोक्यावर उभा आहे, वाकून बघ."

"मग?"

"मग मी दोन पायांतून वाकून बघायची."

अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, पण मला वाटलं आत्ता उठते आणि वाकून दाखवते.

मी उठले. बाईंनी दिलेल्या काचेच्या पेल्यात पाणी, अक्षता, बागेतला शेवटचा गुलाब. सुपारीचा गणपती व्हरांड्याच्या कठड्यावर मांडला, दुर्वा वाहिल्या, अर्घ्य दिलं. उलट्या सशाला दिलं. पावणेनऊही वाजले नव्हते. नैवेद्याला ते वाफाळणारे गोळे, लोण्यात परतलेल्या पावाच्या चुऱ्यात घोळवलेले. माझ्या पाऱ्या पाण्यात पार पुसल्या गेल्या होत्या, बाईंच्यात आणि माझ्यात काही फरक उरला नव्हता. वरून मी तुपासारखं पातळ लोणी सोडलं. पहिला घास घेतला आणि आतल्या रसानं जीभ भाजली. आंबटगोड, लालभडक. आजोबा म्हणाले, "आता कळलं, आम्ही गप्पा मारत का खातो? तोवर निवतं."

जेवण झाल्याबरोबर मी मेलबर्नला फोन लावला. सुनेनं नातीला दिला. म्हटलं, "वर जा, खिडकीत. चंद्र बघ. आजी जेवली."

पलीकडे धाडधाड जिना चढल्याचा आवाज. मग, "आजी, यू आर अर्ली!"

मी म्हटलं, "कान कुठे आहेत बघ सशाचे?"

"खाली! बनीचे कान नेहमी खालीच असतात, आजी."

तिला दुसरा चंद्र माहीतच नाही गं.

तेव्हा तुझ्याकडे दुपारचे पाच वाजायला आले असतील. तू चहा टाकला असशील. शाबूदाणा भिजवला असशील. तुझा चंद्र यायला अजून पाच तास होते, आणि तू एकटीनं गच्चीत जाऊन बघणार होतीस, गुडघा धरत. मी पायरीवर परत जाऊन बसले आणि रडले. पाच मिनिटं नाही, चांगला अर्धा तास. बाईंनी शाल आणून अंगावर टाकली आणि आत जाऊन भांडी घासत बसल्या.

सकाळी लेक आला. बाईंनी त्याला बटाटे वाढले. मी त्याच्याकडे पेन मागितलं. त्यानं माझ्याकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, गाडीतून फाईल आणली. मला न सांगता घरून बरोबर घेतली होती. मी सही केली, चार ठिकाणी. "टायरमधली हवा बघून येतो" म्हणाला आणि बाहेर गेला, तो चांगला वीस मिनिटांनी आला, डोळे लाल करून.

आता तुला कळलं, मी थंडीचं का बोलत होते. "नाही येणार" हा शब्द तोंडातून निघेना. तुझ्या समोरचं दार बंद राहणार, हे मला माहीत आहे. ठरलेलं मी मोडलं. तुझ्याजागी मी असते तर मीही फोन उचलला नसता, दोन दिवस जास्तच. फ्लॅट मी विकणार नाहीये. पण तिथे येऊन राहीन असं खोटं तुला सांगणार नाही. येईन ती पाहुणी म्हणून, तू ठेवून घेशील तेवढे दिवस.

म्हणून म्हणते, आधी तू ये. गुडघ्याचं सांगू नकोस, विमानात व्हीलचेअर मिळते, मी स्वतः बसून आलेय, राणीसारखं वाटतं. एकटीनं कसं यायचं, तेही सांगू नकोस. लेक म्हणतो, पुण्याहून येणारं कुणी ना कुणी ओळखीचं शोधून तुला त्यांच्या हवाली करतो. बाईंनी तर तुझी खोलीही ठरवलीय, मळ्याकडच्या खिडकीची. आजोबा विचारतात, तुमच्या बहिणीलाही कूच लागतं का? तू फक्त त्या कपाटातला पासपोर्ट काढ आणि तारीख बघ, संपला तर नाही ना. संपला असेल तर उद्याच अर्ज टाक. माझ्यावर रागवायचं असेल ना, तर इथे येऊन, समोर बसून रागव. ये गं. लवकर ये.